हातानं बसवलेले नट

माझं नाव रमेश, पण साकीनाक्याला रम्या एक्सलवाला म्हणून विचारा, अजून कुणीतरी सांगेल, शिवी देऊन सांगेल पण सांगेल. मूळ आम्ही जालन्याकडचे, बौद्ध, बाप मुंबईत आला तो घाटकोपरच्या डोंगरावर खोली करून राहिला, बिगारी करायचा, आणि आई मी लहान असतानाच गेली. आमच्या पलीकडं मालवणकडची एक बाई राहायची, नवरा गिरणीतला, गिरणी बंद पडल्यापासून घरात बसलेला, आणि मुलगा दिलीप माझ्याच वयाचा. त्या मावशीनं मला वाढवलं, असंच म्हणतो मी. बाप कामाला गेला की दारातनं हाक मारायची, ये रे झिला, जेवन जा, आणि दिलीपच्याच ताटात मला वाढायची. बाजूच्यांना आमच्या घरचं पाणी चालायचं नाय, नाकं मुरडायचे, पण मावशीनं कुणाला भीक घातली नाय. हे आधीच सांगतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, त्या बाईला काळीज हाय का नाय. हाय, म्हणूनच तर मला इतकं लागतं.

मी साकीनाक्याला एका गॅरेजात लागलो तेव्हा मावशी म्हणाली, माझ्या झिलाक पण घेवन जा, तुझ्या नजरेखाली ऱ्हवांदे. घेऊन गेलो. तो इंजिनात हुशार निघाला, मी खालच्या कामात, चाकं, एक्सल, चेन. आमच्या शेठकडं साध्या गाड्या नाय यायच्या, त्या चार जाड चाकांच्या बाईक यायच्या, एटीव्ही म्हणतात ना, रिसॉर्टवाल्यांच्या, फार्महाऊसवाल्यांच्या, शूटिंगवाल्यांच्या. दिसायला एकदम झकास, पण वाळू आणि खारं पाणी खाऊन खाऊन पाठची वाट लागलेली. पाठच्या एक्सलवर दोन मोठे नट असतात, एकाला एक भिडवून आवळलेले. कंपनीचे नट कितीही आवळा, धक्के खाऊन ढिले पडतात, मग एक्सल हलायला लागतो आणि आटे जातात. म्हणून मीच शेठच्या मागं लागलो, कंपनीचे काढू, बाहेरचे टाकू. बाहेरचे म्हणजे भंगार नाय, हे नीट लिहा. जाडजूड असतात, त्यांच्यातच बारीक बोल्ट असतात, आधी लांब पान्यानं मोठा नट आवळायचा, मग ते बोल्ट आवळायचे, मग बापाची बिशाद नाय हलायची. कितीतरी गाड्यांना घातले मी, एक गाडी परत आली नाय. शेठच गिऱ्हाइकांना सांगायचा, आमच्या रम्याची आयडिया हाय म्हणून.

आता खंडेनवमीचं सांगतो. त्या दिवशी गॅरेजात हत्यारं धुऊन पुसून पाटावर मांडतात, हळदकुंकू, फुलं, आणि एकदा मांडली की दसरा होईपर्यंत कुणी पान्याला हात लावायचा नाय. मी पूजा करत नाय, पण जिथं भाकरी खातो तिथला नियम पाळतो. त्या दिवशी एका फार्महाऊसवाल्याची लाल एटीव्ही माझ्याकडं होती. जुने नट गंजून असे बसलेले की गरम करून, ठोकून, कसेबसे काढले. नवे चढवले, हातानंच फिरवून बसवले, आणि आता पाना घेणार तेवढ्यात शेठ आला, बस झालं रे, हत्यारं धुवायला टाक, मुहूर्त चाललाय. मी म्हटलं शेठ जरा थांबा, नट नुसते हातानं बसवलेत. तो म्हणाला, दसरा झाला की आवळ, गाडी काय पळून चाललीय? बरं म्हटलं. आमच्याकडं काम अर्धं असलं की हॅन्डलला लाल चिंधी बांधायची रीत, ती बांधली आणि घरी आलो.

दसऱ्याला मी सुट्टी घेतो, आमचा पण तो मोठा दिवस, बायकापोरांना घेऊन विहारात जातो. तिथं बसलो असताना मोबाईलवर शेठचा फोटो आला, गॅरेजातल्या सगळ्या गाड्या ओळीत, झेंडूचे हार घातलेले, आणि माझ्या लाल गाडीला पण हार, चिंधी गायब. फोटोत बरी दिसत नव्हती म्हणून काढली असंल. मी तसाच उठलो. बाहेर येऊन फोन लावला, शेठ, ती गाडी आवळलेली नाय, कुणाला देऊ नका. हो रे हो, माहीत हाय मला, तू तुझं बघ, म्हणाला आणि ठेवला. काय सांगू तुम्हाला, मी परत आत जाऊन बसलो, वंदना चालू होती, आणि ती संपायच्या आत दुसरा फोन आला. गिऱ्हाईक आलं होतं, त्याला हौस, लिंबावरनं चाक काढायचं, एक राऊंड बघायची. शेठनं दिलीपला बसवलं. उतारावर एक्सल सरकला, चेन उतरून अडकली, पाठची चाकं जाम झाली, गाडी उलटली ती दिलीपच्या पायावर. गुडघ्याखालचा पाय काढावा लागला.

हॉस्पिटलात पोचलो तर शेठ सगळ्यांसमोर बोलतोय, बाहेरचे नट हो, ह्या रम्याचा हट्ट, कंपनीचे असते तर असं झालं नसतं. कालपर्यंत माझी आयडिया होती, आज माझा हट्ट झाला. मी ओरडलो, फोन केला होता की नाय तुम्हाला? तर म्हणतो, पूजेच्या गडबडीत कुठला फोन रे. गॅरेजातलाच एकजण कुजबुजला, पूजा मानत नाय ना हा, म्हणून झालं. आणि मावशी माझ्या अंगावर धावून आली, तुका पोटचो झिल म्हणान वाढवलंय, आणि तू माझ्या झिलाचो पाय खाल्लंस! मी दिलीपकडं बघितलं. तो डोळे मिटून पडलेला.

मला शेठनं काढलंच. आता कांजूरमार्गला रिक्षाच्या गॅरेजात हाय. दिलीपचा सगळा इलाज शेठनं केला, त्याला काउंटरवर बसवलं, आणि अख्ख्या डोंगरावर शेठ देवमाणूस झाला, मी पाय खाणारा. बायको म्हणते खोली विकू, दुसरीकडं जाऊ. का जाऊ? मी काय केलंय?

मग एकदा दिलीपच आला, कुबडी टेकत, माझ्या गॅरेजावर. बसला, चहा घेतला, आणि खाली बघून म्हणाला, मी शेठला विचारलं होतं रे, रम्यानं आवळलेत का म्हणून. झालंय सगळं, बस, म्हणाला तो. चूक कुणाची ते शुद्ध आल्यापासून मला माहीत हाय. मी म्हटलं, मग साल्या इतके दिवस दातखीळ बसली होती? तो म्हणाला, एका पायाच्या माणसाला दुसरं कोण कामावर ठेवील, पोरगी शिकतेय माझी. राग आला मला, इतका आला की हातातला पाना मी लांब ठेवला. मग म्हटलं, जग गेलं खड्ड्यात, फक्त तुझ्या आईला सांग. तेवढंच कर. त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, आईच्या तोंडात तीळ भिजत नाय, तिला कळलं तर सरळ साकीनाक्याला जाऊन शेठच्या दारात उभी राहील, माझी नोकरी गेलीच समज. आणि खरं हाय ते. मी ओळखतो ना तिला. चप्पल घेऊन जाईल ती, माझ्यासाठी.

म्हणून मी पण गप्प हाय. तुम्हाला सांगितलं, नावंबिवं बदला, शेठ असलं काय वाचत नाय आणि मावशीला वाचता येत नाय. काल डोंगराच्या पायऱ्यांवर भेटली, हातात जड पिशवी, दम लागलेला. मी हात पुढं केला तर पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि चालायला लागली. मी मागनं मागनं चाललो, पडलीबिडली तर धरायला. वर पोचल्यावर वळली आणि म्हणाली, माका तुझी माफी नको, कित्याक मागसून येतस? ती दारात शिरेपर्यंत मी पायऱ्यांवरच थांबलो. जगू दे म्हातारीला, मला शिव्या देत का होईना, शंभर वर्षं जगू दे.