माह्या गाडीचे नवे चाकं

हासू नका रे, मी पायी काऊन फिरून राह्यलो ते ऐका. माह्या जुन्या मोटरसायकलचे चाकं एवढे डगमगत, का घरचं कोणी तिले मागेच नाई. घुग्घुसच्या खाणीत शिफ्टले जातानी माहाच जीव वर-खाली होये. म्हणून रफीकभाऊ मिस्त्रीकडून नव्या मॉडेलचे चाकं बसवले. त्यायनं अ‍ॅक्सल, म्हंजे चाकाचा दांडाबी नवाच टाकला. गाडी अशी पळाली का विचारू नका!

तेच नडलं. साळा एक चक्कर मारून आला, अन् घरभर सांगत सुटला. तवापासून गाडी कधी साळ्याकडे, कधी सासऱ्याकडे. मी दारात उभा. रस्त्यावर कोणतीही गाडी वाजली का धावतो.

काल शिफ्ट हुकली, तं तसाच पायी रफीकभाऊकडे गेलो. म्हटलं, "भाऊ, ते जुने चाकं हायेत का? परत बसवून द्या."

"हायेत ना," रफीकभाऊ म्हणाले, "आण गाडी."