उजव्या डोळ्याचा फोटो

बुलढाण्यात डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर सासू-सून बोलत होत्या.

"प्राची, डॉक्टरनं डोळ्यात पाह्यलं अन् इचारलं, वेणी घालताना डोकं दुखते का? त्याले कसं समजलं वं?"

"भाकर चावताना जबडा दुखते का, हेबी इचारलं, आत्याबाई."

"अन् आपण मोताळ्याले जाऊन दाढच काढून आलो!"

"डोक्यातल्या रक्ताच्या नळ्या सुजल्या होत्या. उजव्या डोळ्याले रक्त भेटलं नाही, नस मेली. पण गोळ्यांनी डावा वाचते म्हणे."

"मशीननं काढलेला डोळ्याच्या आतला फोटो पाह्यला तू? सारं लाल आभाळ, अन् मधात नसेचं तोंड पांढरंफटक, चंद्रासारखं."

"रडू नका, आत्याबाई."

"रडून नाही राह्यली वं. जिंदगीभर त्या डोळ्यानं मले सारं दाखवलं. आज या डाव्यानं मी त्याले आतून पाह्यलं."