बर्फाआधी

त्याला कळत होतं का? — दादा गेला त्या दिवशी एवढंच विचारलं मी डॉक्टरांना, काका, आणि ते चष्मा पुसत राहिले. मग सिस्टरला विचारलं, ती म्हणाली, ‘बाहेर बसा.’ बसलो बाहेर. काय करणार? — नाही, नाही, टबाला हात लावू नका. तुमची गाडी थांबू दे जरा. मासे कुठं पळून जातायत? मालकाचा फोन असेल तर वाजू दे. ठाऊक आहे मला काय म्हणणार — बेशुद्ध करायचं मशीन बिघडलंय ना, मग टाक सगळे जिवंतच बर्फात, आपोआप मरतात. मरतात हो, पण कधी? तुम्ही दार लावून निघता, मागं झाकणाखाली कल्ले हलत असतात ते तुम्हाला कुठं दिसतं? बराच वेळ हलतात. दादानंच दाखवलं होतं मला. हे टेबल त्याचंच. ‘मारायचं तर आहेच रे गाढवा,’ म्हणायचा, ‘पोट आहे आपल्याला. पण आधी बेशुद्ध कर, मग सुरी लाव.’ डोक्यावर, डोळ्यांच्या जरा मागं, एकच दणका — हा असा. मग खात्री करायची. कशी? हा घ्या, धरा. अहो, चावत नाही तो! आता डावीकडं कलता करा, आता उजवीकडं. डोळा अंगाबरोबरच फिरतोय ना, गोटी बसवल्यासारखा? म्हणजे याला काही कळत नाही. शुद्धीत असता तर अंग कितीही फिरवा, डोळा मागं राहतो — तुमच्याकडंच बघत. मग दुसरा दणका. शाळेत मी कशातच पास झालो नाही, पण यात दादानं मला कधी नापास केलं नाही.

आणि दवाखान्यात — मोटारसायकलवरून पडला होता हो, डोक्यावर — डॉक्टरांनी त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं, सिस्टरनं पापण्या वर धरल्या, आणि डोकं डावीकडं वळवलं. मग उजवीकडं. हेच! ते काय बघतायत हे मला कुणी सांगायला नको होतं. खाटेच्या पायथ्याशीच उभा होतो, सगळं दिसलं असतं. पण मी — मी भिंतीकडं तोंड फिरवलं, काका. रोज एवढ्यांचे डोळे बघतो, आणि त्याचे — वहिनी अजून विचारते, ‘भावजी, तुम्ही तिथंच होता ना? त्यांना शेवटी काही कळत नव्हतं ना?’ मी म्हणतो, नाही वहिनी, काहीच नाही. कशावरून म्हणतो? कशावरूनच नाही.

जाऊ दे. माशांसाठी कुणी एवढं करतं का, असंच ना? नसेल करत. नोकरी जाईल? जाऊ दे की! आता काय शोधताय? बर्फ? पेट्या रिकाम्या आहेत. तुम्ही मघाशी चहाला गेलात ना, तेव्हाच सगळा गटारात ओतला मी. ओरडू नका. जा, कारखान्यातून दुसरा भरून आणा. सावकाश या. तोवर यातला एकही जिवंत नसेल.