वारं गेल्यानंतरचे पाच तास

सन्माननीय अध्यक्षा डॉ. शिवलीलाताई, व्यासपीठावरील मान्यवर, मोहोळच्या गावागावांतून सोलापुरात आलेल्या बंधुभगिनींनो, आणि आज सेवानिवृत्त होणाऱ्या गंगम्मा सिस्टर,

माझ्या भाषणाला टाळ्या पडतात. आज कृपा करून वाजवू नका.

वैद्यकशास्त्र ज्याला पक्षाघात म्हणतं, शहर लकवा म्हणतं, त्याला आमच्या मेंढपाळांच्या वस्तीवर 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात. आता वाऱ्याला डॉक्टर कशाला? दारं लावायची, घोंगडं पांघरायचं, कबुतराचं गरम रक्त चोळायचं. मेंदूत गुठळी अडकली आहे, हे सांगायचं कुणी? मी! अंधश्रद्धेवर तीनशे व्याख्यानं दिलेल्या मी!

तीन वर्षांपूर्वी सकाळी सातला माझ्या धाकट्या भावाचा, येडूचा, उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं. आमची आई केराबाई म्हणाली, "वारं गेलंय रं. कबुतर आन आदी, पुस्तकं मागनं वाच." मी मोटारसायकल काढली आणि कबुतर आणलं.

इथल्या दवाखान्यात पोचलो तेव्हा बारा वाजले होते. सिस्टरांनी विचारलं, "कधी झालं?" मी म्हणालो, "तासाभरापूर्वी." त्यांनी येडूची बाही वर केली. दंडावरचं रक्त वाळून काळं पडलं होतं.

"सर, तासाभरात कबुतर आणलं, कापलं, रक्त वाळलं, आणि मोहोळवरनं हितं पोचलात पण? खरं सांगा की. गुठळी विरघळायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात. उशिरा दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊन माणूस जाईल."

खरं सांगितलं. इंजेक्शन देता आलं नाही. येडू वाचला, पण तो हात गेला, आणि मेंढरांना साद घालणारा आवाजही.

गावात मात्र बोभाटा झाला, सिस्टरनं इंजेक्शन दिलं नाही! दवाखान्याच्या दारात येऊन लोक त्यांना नाही नाही ते बोलले. तुमच्यातले काही जण होते त्यात. आणि मी? येडूची वाचा आजारानं गेली. माझी कशानं गेली होती?

परवा त्यांना विचारलं, "तुम्ही का नाही बोललात?"

"पेशंटच्या घरचं बाहेर बोलायचं नसतं, सर. तुम्ही बोलाल म्हणून वाट बघितली."

सिस्टर, तुमचे आभार मानायला मला तीन वर्षं लागली. बोलण्यात उणंअधिक झालं तर पोटात घाला, असं वक्ते शेवटी म्हणतात. माझं उणं न बोलण्यात झालं. त्याची क्षमा तुमच्याकडे मागतो, आणि समोर बसलेल्या येडूकडे.

तुमचा प्रश्न होता, कधी झालं? या सगळ्यांसमोर सांगतो, सिस्टर. सकाळी सात वाजता.