न्हाणीतली कट्यार

(फुलचूर. घरामागची न्हाणी, दाराला आतून कडी. आत अकरावीतली हर्षिता, बाहेर तिचा हळद लागलेला भाऊ टिकेश.)

टिकेश : दार उघड वो, हर्षिता! दोन मिनिटं धर म्हटलं होतं मी, घेऊन पळ नाही म्हटलं!

हर्षिता : अन् तू सोनिकावहिनीशी मोबाईलची बॅटरी संपेपर्यंत बोलत बसला.

टिकेश : हळू बोल ना! हळद लागल्यावर नवरदेवानं कट्यार सोडायची नसते. फोनसाठी सोडली हे आईले समजलं तर कच्चा खाईल मले.

हर्षिता : मग चुपचाप उभा राहा. विधी चालू आहे.

टिकेश : न्हाणीत कोणता विधी?

हर्षिता : घरभर पाहुणे लोळून राहिले, मी वर्तुळ काढू कुठं? इथं पण बादली डोक्यावर घेतली तेव्हा जागा झाली.

टिकेश : कशाचं वर्तुळ?

हर्षिता : विक्काचं. विलायतेत असा धर्म आहे दादा, नेट कॅफेत वाचला मी. त्यात प्रत्येकीजवळ आपलं स्वतःचं एक पातं असते. अथामे म्हणतात त्याला. मूठ काळी, धार दोन्हीकडून. ते फिरवून आपल्याभोवती वर्तुळ काढायचं. पण त्यानं काहीच कापायचं नाही.

टिकेश : काहीच नाही?

हर्षिता : कांदासुद्धा नाही.

टिकेश : मग चाकू पाहिजे कायले?

हर्षिता : तुझी कट्यार काय कापते?

टिकेश : लिंबू असते ना टोकाले.

हर्षिता : कापते का लिंबू?

टिकेश : टोचलेलं राहते.

हर्षिता : हेच तर! अरे, किती शोधलं मी. विळी पाहिली, तर तिच्यावर बसावं लागते. केकचा चाकू पाहिला, तर तो प्लास्टिकचा, वरून गुलाबी. शालीकराममामाचा कोयता आणला, तर त्याला मटणाचा वास. गल्लीतले सगळे कुत्रे माझ्यामागं! अन् वाचलं होतं की आपण पातं निवडत नाही, पातंच आपल्याला निवडते. आज आलं ना बरोबर माझ्या हातात!

टिकेश : मी दिलं तुझ्या हातात! मी!

हर्षिता : दादा, आजच्या दिवस राहू दे ना माझ्याजवळ. वरातीत मीच धरते.

टिकेश : पागल झाली का? पोरी धरतात का कुठं कट्यार?

हर्षिता : अन् पोरांनी काय हालत केली तिची! नंदलालकाकाच्या लग्नातलं लिंबू अजून चिकटून होतं. आंबटानं लोखंड खाल्लं जाते, माहीत नाही का? मी राखेनं घासली, पुसली, खोबरेल लावलं. मिठानं शुद्ध केली, तेही कोरड्या, पाण्यानं गंज येते म्हणून. उदबत्ती फिरवली. आता फक्त मुठीचा रंग वाळायचा आहे.

टिकेश : कोणता रंग?

हर्षिता : बाबांची बुटाची पॉलिश.

टिकेश : अरे देवा!

रुक्मा : (त्यांची आई, घरातून येत) टिकेश! न्हाणीसमोर काय करून राहिला गा? जीप कधीची लागली, नवरीचं गाव बोदलकसा काय इथं हाय? अन् तुह्या हातातली कट्यार कुठं हाय?

टिकेश : आई, ते असं झालं की...

हर्षिता : आत आहे आई. माझ्याजवळ.

रुक्मा : न्हाणीत? नवरदेवाची कट्यार न्हाणीत? नीघ बाहेर, आत्ता नीघ!

हर्षिता : निघाली, निघाली! मारू नको, हातात धार आहे.

रुक्मा : दे ते भावाले. थांब... हे आपलीच हाय का? आरशावाणी दिसून राहिली.

टिकेश : आई, हात काळा झाला माझा!

रुक्मा : मग गालाले काऊन पुसून राहिला?

हर्षिता : बरं झालं. आता कोणाची नजर लागत नाही त्याला.

रुक्मा : तू तर बोलूच नको वो! पोरीच्या हाती देत नाही ते. कायले घेतली?

हर्षिता : मला पाहिजे होती.

रुक्मा : खेळणं हाय का?

हर्षिता : काकाच्या लग्नात काकाजवळ, दादाच्या लग्नात दादाजवळ. माझ्या लग्नात कोणाजवळ राहील?

रुक्मा : तुह्या नवरदेवाजवळ. अजून कोणाजवळ?

हर्षिता : म्हणजे तीही त्याच्याच घरची. ही तर मला कधीच भेटणार नाही ना, आई? एवढी घासली मी.

टिकेश : आई, धरू दे तिले. मी असा काळा हात घेऊन सोनिकाले हार घालू का?

रुक्मा : अन् पाहुण्यांनी विचारलं तर?

टिकेश : सांगशील, नवरदेवाची बहीण हाय. विचारू दे.

रुक्मा : विचारणारी तुही मोठी आत्याच राहील... बरं. दुपट्ट्यात गुंडाळून धर. अन् जीपमध्ये पुढं बस, भावाजवळ.

हर्षिता : खरंच? आई! खरंच ना?

रुक्मा : नाचू नको, कोणाच्या डोळ्यात जाईल!

हर्षिता : तू धरून पाहते का, आई?

रुक्मा : मी? मी कायले... आण बरं.

टिकेश : आई, चला ना, ड्रायव्हर हॉर्न मारून राहिला.

रुक्मा : थांब गा जरासा. जड हाय वो हे. इतके लग्न पाहिले या घरात, मले वाटे हलकी असंल.