आधी उत्तर, मग खुर्ची

समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आमच्या सत्कारमूर्ती ताई, सभागृहात बसलेल्या आणि मागे भिंतीला टेकून उभ्या राहिलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

आज ताईंना निरोप देताना त्यांच्याबद्दल चार शब्द बोलायला मला उभं केलंय. भाषण पाठ करून आलो होतो. पण या पुढच्या रिकाम्या खुर्च्या बघून मला मान वर करवत नाही. त्या माझ्या कृपेने रिकाम्या आहेत.

आजच्या आमंत्रणांचा कॉम्प्युटर प्रोग्राम मी लिहिला. काम केवढंसं? 'येणार का?' या प्रश्नाचं हो-नाही घ्यायचं आणि त्याचं 'काहीतरी' किंवा 'काहीच नाही' करायचं. म्हणजे हो म्हणणाऱ्याला खुर्चीचा नंबर, नाही म्हणणाऱ्याला काहीच नाही. एका ओळीत बसवलं, आणि त्याचा मला कोण अभिमान.

आमचा प्रत्येक प्रोग्राम ताईच तपासतात, तशी सवयीने त्यांनी ती ओळही तपासली. म्हणाल्या, "अरे, तू आधी खुर्ची राखून ठेवतोस, मग उत्तर बघतोस. 'नाही'वाल्याला नंबर जात नाही, पण खुर्ची तर गेली ना? 'हो' असेल तरच खुर्चीला हात लाव."

मी काय म्हणावं? "ताई, निरोप तुमचा आहे, माझ्या प्रोग्रामचा नाही." सगळे हसले. त्याही हसल्या, आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

परिणाम समोर आहे. न येणाऱ्यांनी खुर्च्या अडवल्या आणि आलेले उभे. दारावर मीच बजावलेलं, ऑफिसातले सोडले तर नंबराशिवाय कोणाला आत घेऊ नका. मघाशी पाणी प्यायला बाहेर गेलो, तर व्हरांड्यात ताईंच्या आई काठी टेकून उभ्या. त्यांचं 'हो' उशिरा आलं. तोवर नंबर संपले होते. मी काही बोलणार, तर त्याच म्हणाल्या, "असू दे बाळा. इथूनही ऐकू येतं. फक्त जरा मोठ्याने बोल."

तेवढ्यात माझं नाव पुकारलं गेलं, आणि मी त्यांना तिथेच सोडून आत आलो. प्रोग्राम चुकला त्यापेक्षा याची मला जास्त लाज वाटतेय.

अध्यक्षमहोदय, तुमची परवानगी गृहीत धरतो. मागे उभे आहेत त्यांनी पुढे येऊन बसावं, नंबर बघू नयेत. ताईंच्या शेजारची खुर्ची माझी, ती मी सोडतोय. दारावरच्या दादांनी आईंना... नको, तुम्ही थांबा, मीच जातो.

एवढं ऐकून घेतलंत, मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या. ताईंच्या कौतुकाचं भाषण आई बसल्यावर करतो. मोठ्याने.