छत्तीस नंबर

ताई: ...आणि गाडी जॅकवर घेऊन एक्सलचा नट सोडायला बसलास? चाक हवेत असलं की नट सुटत नाही, त्याच्याबरोबर सगळंच फिरत बसतं. कोणाकडे शिकलास रे हे?

भाऊ: नंतर घेतली खाली. चाक जमिनीवर, गाडी गिअरमध्ये, दांड्याला पाइप लावून लटकलो. ढिम्म हलला नाही.

ताई: बघू. अरे, कोपरे खाल्लेस की त्याचे. काय लावलं होतंस?

भाऊ: हे.

ताई: चकचकीत, पातळ आणि बाराकोनी. हे सॉकेट सीटखालच्या बोल्टला ठीक आहे. बारा कोन असले की नटाला नुसतं टोकाशी धरतं. जोर आला की सरकलंच म्हणून समज. एक्सलला काळं लागतं, जाड, सहा कोनांचं. दिसायला दळभद्री, पण नटाच्या अंगाला अंग लावून बसतं.

भाऊ: माहीत आहे मला.

ताई: माहीत असून हे लावलंस? ठोक्या तो ठोक्याच राहिलास.

भाऊ: काळं आहे माझ्याकडे. पण त्यात दांडा बसतो तो चौकोन पाऊण इंची. माझे सगळे दांडे अर्ध्या इंचाचे.

ताई: मग मध्ये जोड लावायचास.

भाऊ: लावला. तो तुटला, म्हणून मग हे घेतलं.

ताई: तुटणारच. म्हशीला शेळीच्या दाव्याने बांधल्यासारखं झालं ते. आणि दांडे अर्ध्या इंचाचे, तर पाऊण इंची सॉकेट आणलंस कशाला?

भाऊ: आणलं नाही. बाबांचं आहे. हे बघ.

ताई: छत्तीस नंबर.

भाऊ: हो.

ताई: फडकंही तेच आहे.

भाऊ: त्यांनी गुंडाळून दिलं होतं, तसंच ठेवलं.

ताई: इकडे दे. काय वजन आहे बघ याला. विसरूनच गेले होते मी.

भाऊ: वाटणीत दांडा तुझ्याकडे आला होता ना? आहे अजून?

ताई: भिंतीवर आहे. बाबांनी खिळा ठोकला होता तिथेच. दांडा माझ्याकडे, छत्तीस तुझ्याकडे. बत्तीस माझ्याकडे, तीस तुझ्याकडे. पोतं अंथरून बसलो होतो दोघं. एक तुला, एक मला. लहान पोरं गोट्या वाटतात तशी आपण हत्यारं वाटली.

भाऊ: मीच म्हटलं होतं, सगळं अर्धं अर्धं.

ताई: आणि मीही बघून घेईन म्हणून बसले. दोघांपैकी एकालाही सुचलं नाही की अर्ध्या सेटने कुठलीच गाडी पूर्ण खोलता येत नाही.

भाऊ: बाबांना सुचलं असेल. पण ते एक शब्द बोलले नाहीत.

ताई: टायरवर बसून एकेक सॉकेट पुसून हातात देत होते. मला वाटलं, ग्रीस काढताहेत. आता कळतं, जमेल तेवढा वेळ लांबवत होते. आपण म्हणत होतो, आटपा बाबा.

भाऊ: तू म्हणालीस.

ताई: हो, मी म्हणाले. जाऊ दे. दांडा काढ तू. माझ्याच्याने वरचा निघत नाही.

भाऊ: का?

ताई: मनगट. वजन पेलत नाही आता.

भाऊ: मी ऐकलं होतं, कुठेतरी घसरून पडलीस म्हणून.

ताई: मी नाही घसरले. टेम्पो आला होता, असाच नट, हाच नंबर. काळं छत्तीस नव्हतं. म्हटलं, एका नटाने काय होतंय. चकचकीत लावलं, मध्ये जोड, त्यावर बाबांचा दांडा, दांड्यावर पाइप. सॉकेट उभं चिरलं आणि मी होते नव्हते तेवढ्या वजनानिशी मडगार्डवर आदळले. हाड बसलं, पण पकड गेली ती गेलीच.

भाऊ: तेव्हा हे माझ्याकडे फळीवर होतं.

ताई: असणारच.

भाऊ: नुसतं पडून होतं, ताई. दांड्याशिवाय मला त्याचा काडीचा उपयोग नव्हता. एक निरोप पाठवायचा होतास.

ताई: कुठल्या तोंडाने? चारचौघांत ज्याला ठोक्या म्हणून हसले, त्याच्याकडे सॉकेट मागायचं?

भाऊ: मी गेलो तिकडेही ठोक्याच म्हणतात मला.

ताई: तिकडे कोणी सांगितलं?

भाऊ: माझ्याआधी नाव पोचलं होतं. गॅरेजची पाटी लावली, तर लोक म्हणाले, अरे, हे ठोक्याचं वाटतं.

ताई: थट्टा केली होती रे मी.

भाऊ: थट्टा होती म्हणून तर कोणाकडे तक्रार करता आली नाही. 'याच्या हातात पाना दिला की नट मेला.' तू हसलीस, गिऱ्हाईक हसलं, मीही हसलो. घरी जाऊन जेवलो नाही.

ताई: नट खराब केला होतास तू.

भाऊ: केलाच होता. पण गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबायचं होतंस.

ताई: हो. थांबायला हवं होतं. फार उशिरा कळलं मला. चल, छिन्नी घे. नटाचा काठ एक्सलच्या खाचेत ठोकून बसवलेला असतो, तो आधी उचल. उचलला होतास का?

भाऊ: नाही.

ताई: मग कसा सुटेल तो? हळू. आट्यांना लागू देऊ नकोस.

भाऊ: हळूच करतोय.

ताई: हो, हळूच करतोयस. दिसतंय मला. चांगला उचललास.

भाऊ: नट सोडायची हवेची गन लावायची का आता?

ताई: गन इथे नाही. शेजारच्या टायरवाल्याने नेली.

भाऊ: त्याला कशाला दिलीस?

ताई: सांगते नंतर. आधी चाकामागे ठोकळा लाव. सॉकेट मी धरते, दांडा तू ओढ.

भाऊ: मनगटाला त्रास होईल.

ताई: धरायला जोर लागत नाही, सरळ ठेवावं लागतं. बाबा कधी एकट्याला एक्सलला हात लावू द्यायचे का? एकाने धरायचं, एकाने ओढायचं. झटका देऊ नकोस. आणि सांगून ओढ.

भाऊ: ओढतो.

(पाइप करकरतो. मग एक कोरडा, जोराचा 'कट्'.)

ताई: सुटला.

भाऊ: सुटला.

ताई: कोपरे खाल्लेले असूनही धरलंन बघ. नट मात्र नवा टाक, हा परत लावू नकोस.

भाऊ: टाकतो. ताई, माझ्या शेजारी गॅस-वेल्डिंगवाला आहे.

ताई: मग? चाकाचं बेअरिंग बदलायचंच होतं, जळलं तरी चाललं असतं; नट तापवून सहज काढला असता त्याने. तू आल्यापासून तेच म्हणतेय मनाशी, एवढ्या लांब गाडी गुरगुरत आणली कशाला.

भाऊ: मला परत यायचंय. इथे. तिकडचं बंद करतो. पाटी तुझीच राहू दे. मनगट चालत नाही तर ओढायचं काम मी करीन. ठोक्या म्हण हवं तर.

ताई: गन कुठे गेली विचारलंस ना? टायरवाल्याला जागा देऊन टाकली मी. एका हाताने गॅरेज चालत नाही.

भाऊ: लिहून दिलंय?

ताई: शब्द दिलाय.

भाऊ: मग मागे घे.

ताई: त्याने आत फळ्या लावल्यात. बायकोने मागची खोली घासूनपुसून घेतली, खिडकीला पडदा लावला. त्यांना काय सांगू? माझा भाऊ आला, तुम्ही निघा? गेल्या महिन्यात आला असतास तर शब्द दिलाच नसता.

भाऊ: बेअरिंग गेल्या महिन्यातच वाजायला लागलं होतं.

ताई: आणि तसाच चालवत राहिलास?

भाऊ: एवढ्याशा आवाजासाठी तुझ्याकडे कसं यायचं, असं वाटलं. म्हटलं, आणखी बिघडू दे. मग यायला कारण मिळेल.

ताई: कारण कशाला लागतं रे वेड्या? मी इथे दर गाडीच्या आवाजाला मान वर करून बघत होते.

भाऊ: मला काय माहीत.

ताई: तुला कसं माहीत असणार. मी कधी सांगितलं? तो पत्र्याचा डबा घे. माझ्या वाट्याची सगळी आहेत त्यात. दांडाही ने.

भाऊ: तुझ्याकडे काय राहिलं मग?

ताई: भिंतीवरचा खिळा. टायरवाला टोपी अडकवेल त्याला.

भाऊ: सेट पूर्ण झाला, ताई.

ताई: बाबा असताना व्हायला हवा होता. पण एकट्याने वापरू नकोस. सॉकेट धरायला कोणीतरी ठेव.

भाऊ: ठेवीन.

ताई: आणि तो चुकला, तर गिऱ्हाईक गेल्यावर सांग त्याला.